फुईचा सूर आणि माझा टॅब

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गॅसवर भरताची वांगी भाजत होते. ते म्हणाले, ‘‘ताई, दिवाळी अंकासाठी लिहा. विषय आहे, ज्येष्ठ महिला आणि तंत्रज्ञान.’’ मी म्हटलं, ‘‘तो विषय तुमच्याकडेच राहू द्या. मी वाजवणारी बाई आहे, वाजवण्याबद्दल लिहीन.’’ ते म्हणाले, ‘‘हो, पण टॅबवर वाजवता ते मात्र येऊ द्या.’’ म्हणजे फिरून तिथेच! असो. टॅबबद्दल लिहिणारच आहे, कारण त्याच्यापायी मी जेवढी बोलणी खाल्ली तेवढी नवी सून असतानासुद्धा खाल्ली नव्हती.

‘‘बटण दाबलं की वाजतं, त्यात तुमचं काय?’’ हे मला किती जणांनी ऐकवलं असेल! पूर्वी मी समजावत बसायचे. आता विचारते, ‘‘तुमच्या घरी गॅसचं बटण फिरवलं की पेटतो ना? मग भाजी आपोआप होते का?’’ बायका हसतात. पुरुषांना पटत नाही, कारण त्यांच्या घरी ती आपोआपच होते.

आयुष्य भुसावळला रेल्वे कॉलनीत गेलं. मिस्टर लोको शेडमध्ये होते. मी कॉलनीतल्या भजनी मंडळाची पेटी वाजवायचे, घरी पोरींना पेटी शिकवायचे. म्हणजे खऱ्या वाद्यावर हात बसलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते. लॉकडाऊनमध्ये नातवाच्या शाळेसाठी मुलानं टॅब घेतला. शाळा सुरू झाल्या, नातू पुण्याला परत गेला आणि टॅब माझ्या कपाटात साड्यांखाली पडून राहिला. एका दुपारी नातवाचे फोटो पाहायला काढला तर त्यात वाद्यांचं एक ॲप सापडलं. काचेवर बोट ठेवलं आणि बासरी वाजली. बोट जरा सरकवलं तर सूरही सरकला, मधे कुठे तुटला नाही. पेटीत असं कधी होत नाही. पेटीत एक पट्टी सोडायची, दुसरी धरायची. मधल्या जागेत जायला वाटच नसते. मी तिथेच, कपाट उघडं ठेवून, जमिनीवर बसले. चहाची वेळ झाली तेव्हा मिस्टर शोधत आले.

आता काम काय असतं ते सरळ सांगते. काचेवर आडव्या पट्ट्या दिसतात. एकीत ढोलक, एकीत टाळ, एकीत तंबोरा, आणि वर गाणाऱ्याचा आवाज. प्रत्येक पट्टी वेगळी भरायची. ढोलक मी बोटांनी काचेवर वाजवते. चार आवर्तनं मनासारखी जमली की तेवढाच तुकडा फिरता ठेवायचा. त्याला लूप म्हणतात. लूप फिरत राहतो आणि हात पुढच्या कामाला मोकळे होतात. शेवटी सगळं एकत्र वाजवून कुणाचा आवाज कमी, कुणाचा जास्त, ते बसवायचं. त्यात निम्मा वेळ जातो, कारण मंडळातल्या प्रत्येकीला आपलाच आवाज जास्त हवा असतो.

हे घरी बसून करून ठेवलं की त्याला ट्रॅक म्हणतात. ट्रॅक एकदा झाला की झाला. तो सुरू होतो आणि संपतो, मधे गाणारीला ठसका लागला तरी तिच्यासाठी थांबत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये हल्ली तेच चालतं. पण टॅब मांडीवर घेऊन, गाणारी समोर बसवून, त्याच क्षणी वाजवताही येतं. ती पुढे, आपण मागे. हे काम अगदी वेगळं आहे. ही दोन कामं एकच समजणारा माणूस भेटला की माझं डोकं फिरतं. पुढे जे सांगणार आहे, ते सगळं त्यावरूनच घडलं.

पहिलं रेकॉर्डिंग मी आमच्याच मंडळाचं केलं. माझ्या आतल्या खोलीत, दाराला गोधड्या टांगून. भुसावळचा मे महिना आणि आवाज नको म्हणून पंखा बंद! बायका घामानं निथळत होत्या. त्यात टाळ्या वाजवल्या की बांगड्यांचा असा खळखळाट यायचा की शब्द ऐकू येईनात. मी आपली म्हटलं, ‘‘जरा बांगड्या काढून ठेवा गं.’’

मंडळातल्या सगळ्यात मोठ्या म्हणजे आमच्या पुष्पाअक्का. बोलणं पक्कं रावेरकडचं. त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या की मी काही भलतंच बोलले. ‘‘काय बोलू रायली वं तू? तुया डबड्यासाठी आमी बांगड्या काढू?’’ मी पटकन जीभ चावली. सवाष्णींना भर दुपारी बांगड्या काढायला सांगत होते मी! जळगावच्या एखाद्या स्टुडिओतल्या पोरानं सांगितलं असतं तर समजू शकते, पण मी?

मग मिस्टरांचे थंडीतले जुने लोकरी मोजे काढले, पुढून कापले आणि बांगड्यांवर चढवले. त्या उकाड्यात अकरा-बारा बायका हातात लोकरी मोजे घालून अभंग म्हणतायत, हे दृश्य कुणी बाहेरच्यानं पाहिलं असतं तर आम्हाला दवाखान्यात नेलं असतं. रेकॉर्डिंग स्वच्छ आलं. सगळ्यांना ऐकवलं. मग अक्काच म्हणाल्या, ‘‘चांगलं हाये, पन हे आमी नाही.’’ त्यांचं बरोबर होतं. मोजे काढले, पुन्हा म्हटलं, आणि बांगड्यांना मी त्यांची वेगळी पट्टी दिली, टाळाच्या शेजारी. ती पट्टी आजही माझ्या टॅबमध्ये आहे. मागे एका स्टुडिओवाल्यानं विचारलं, ‘‘हा आवाज कोणत्या ॲपमधला?’’ मी म्हटलं, ‘‘आमच्या कॉलनीतला.’’

दुसरं गिऱ्हाईक सांगण्यासारखं, दीपनगरचे महाजनकाका. वीज केंद्रात आयुष्य काढलेलं, टर्बाइनजवळ. निवृत्त झाले आणि भजन म्हणायला लागले. पण पेटीवाले त्यांच्याबरोबर बसायला तयार नसत. काका बेसूर आहेत असं सगळ्या दीपनगरचं एकमत होतं. ते माझ्याकडे आले ते एक चमत्कारिक मागणी घेऊन. म्हणाले, ‘‘ताई, मला तंबोरा नको. माझ्या प्लँटचा आवाज तंबोऱ्यासारखा मागे ठेवून द्या.’’ मोबाइलवर तो आवाज घेऊनही आले होते. नुसतं घूं घूं घूं.

माझे मिस्टर आत जाऊन हसले. मी मात्र तो आवाज टॅबमध्ये घातला आणि त्याचा सूर शोधला. काळी दोनच्या जरासा वर होता. म्हणजे कोणत्याच पेटीत नसलेला सूर. मी तोच धरून ठेवला आणि काकांना म्हटलं, म्हणा. काका डोळे मिटून गायले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कुठे केसभरही हलले नाहीत. आयुष्यभर ज्या आवाजाजवळ उभा राहिला, त्याच सुरात तो माणूस पक्का बसला होता. पेटी त्याला ओढून आपल्या पट्टीवर आणायला बघायची, तो यायचा नाही, म्हणून बेसूर! मला त्या दिवशी पेटीचा पहिल्यांदा राग आला. काकू सोबत आल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘‘आता हे घरी चालू ठेवा रोज. रिटायर झाल्यापासून शांततेमुळे यांना झोप येत नव्हती.’’

महाजनकाकांचं सांगितलं, कारण पुढे ज्या विमलफुईबद्दल सांगणार आहे, तिला मी समजू शकले ते त्यांच्यामुळे.

माझं माहेर शिंदखेडा तालुक्यात, नरडाण्याजवळ. तिथे आमच्या मागच्या गल्लीत रेखा राहायची, माझ्यापेक्षा बरीच लहान. जवळच्याच गावात दिली तिला. तिच्या नवऱ्याला सगळे नाना म्हणतात. मुलगी झाली, कोमल. कोमल नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा रेखा काविळीनं गेली. नानांनी दुसरं लग्न केलं, सुनंदाशी. सुनंदाला मी नावं ठेवणार नाही, पोरीला तिनं पोटच्यासारखं वाढवलं. आमच्याकडे दुसरेपणावर आलेली बाई पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालते, तसा तिनंही घातला. पण त्या घरात रेखाचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही, असा नानांचा कायदा. फोटोही भिंतीवरून उतरवलेला.

मागच्या उन्हाळ्यात कोमलचं लग्न ठरलं. नाना स्वतः भुसावळला माझ्याकडे आले. आमचं बोलणं अहिराणीतच झालं, पण तुमच्यासाठी बहुतेक सोपं करून लिहिते. नाना म्हणाले, ‘‘ताई, हळदीला देवाचं गाणं तुम्ही टॅबवर करून आणा. छान, तीन-चार मिनिटांचं. धुळ्याहून कीबोर्डवाला मास्तर आणि स्पीकर सांगितलेत. विमलअक्काचं वय झालं, ती बेसूर होते, लोक हसतात.’’

विमलअक्का म्हणजे नानांची थोरली बहीण, कोमलची फुई. आम्ही आत्याला फुई म्हणतो. हळद लावायच्या आधी मांडवात पहिलं गाणं म्हणायचा मान त्या गावात फुईचा. त्या गाण्यात देवांना लग्नाला बोलावतात, एकेका देवाला एकेक कडवं. देव झाले की घरातली गेलेली माणसं. आजा, पणजा, आजी, लहानपणी गेलेलं एखादं पोर, सगळ्यांना नाव घेऊन बोलवायचं, की घरात लग्न आहे, या. कुणाचं नाव राहायला नको. कडवी किती, हे घरात किती माणसं गेली त्यावर ठरतं.

नानांना मी ‘बघते’ म्हणाले. करायला काही अवघड नव्हतं. आणि दोनच दिवसांनी कोमलचा फोन. ‘‘मावशी, तू ते गाणं करते आहेस ना, त्यात कोणाकोणाला बोलावलंय?’’

‘‘देवांना. तीन मिनिटांत अजून कोण मावणार?’’

पोरगी म्हणाली, ‘‘फुई माझ्या आईला बोलावते. काकाच्या मुलाच्या हळदीत बोलावलं होतं तिनं, हळू आवाजात. मी तिथेच होते. त्या घरात माझ्या आईचं नाव मी तेवढंच एकदा ऐकलंय, मावशी. माझ्या हळदीला तरी ते मला ऐकायचंय.’’

फोन ठेवल्यावर मला नानांचा असा संताप आला म्हणून सांगू! लोक हसतात म्हणे. लोकांचं कसलं काय, याला फुईचं तोंड बंद करायचं होतं आणि त्यासाठी बूच म्हणून माझा टॅब पाहिजे होता. इतकी वर्षं लोक म्हणत आले की टॅब आला आणि माणसांचं गाणं गेलं. आणि मी स्वतःच्या हातानं ते खरं करून देणार? मुळीच नाही.

मी टॅब घेऊन फुईच्या घरी गेले. नानांच्या शेजारीच तिचं घर, सासर-माहेर एकाच गल्लीत. ती अंगणात वाल निवडत बसली होती. टॅबकडे बघून म्हणाली, ‘‘हाऊच का तो? मन्हा गळा बंद कराले लई उनी का तू?’’

‘‘तसं करायचं असतं तर घरूनच केलं असतं,’’ मी म्हटलं. ‘‘तू गा. मी ऐकते.’’

आधी आढेवेढे घेतले. ‘‘नाना म्हनस, मी बेसूर शे.’’ मग सूप बाजूला ठेवलं आणि टॅबकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘पन तो बठ्ठासले बलाई का? मन्हा बापले कोन बलाई? रेखाले कोन बलाई?’’ (बठ्ठा म्हणजे सगळे.) आणि गायला लागली.

तंबोऱ्याची पट्टी लावून मी तिचा सूर बघत होते. काळी एकच्या जरा खालून सुरू झाली. दुसऱ्या कडव्याला काळी एक. मग हळूहळू, प्रत्येक कडव्याला एक केस, वर. शेजारच्या दोघी येऊन बसल्या, साथ देऊ लागल्या, त्याही तिच्याबरोबर तेवढ्याच वर. संपलं तेव्हा काळी दोन ओलांडलेली होती आणि तिघींपैकी एकीचाही सूर दुसरीपासून सुटला नव्हता. देव येतायत, माणसं येतायत, मांडव भरतोय, गळा तापतोय. चढणारच की सूर! मी विचारलं, ‘‘फुई, तू गाता गाता वर का जास?’’

‘‘मी कोठे जास वं? मी तं आठेच बठेल शे!’’

इथेच बसलीय म्हणे! मला इतकं हसू आलं. तिला खरंच पत्ता नव्हता आणि पत्ता असायची गरजही नव्हती. पेटीवाला बिचारा एका पट्टीवर बसलेला, तो म्हणणारच बेसूर. माझ्या टॅबवर तंबोरा बोटानं सरकवता येतो, हवा तेवढाच, केसभर. ढोलकही त्याच्याबरोबर चढवता येतं. मी पुढचे काही दिवस घरी तेवढाच रियाज केला, कान फुईच्या रेकॉर्डिंगवर आणि बोट काचेवर. मिस्टर म्हणाले, ‘‘पेटी शिकताना तरी एवढी मेहनत केली होतीस का?’’ नव्हती केली.

हळदीच्या दिवशी उन्हं कलल्यावर मांडवात पोचले. आंब्याच्या डहाळ्या, पुरुषभर उंचीचे स्पीकर आणि कीबोर्ड मांडून बसलेला धुळ्याचा मास्तर. पुढे सतरंजीवर सुनंदाच्या माहेरची माणसं मानानं बसवलेली, त्यात तिची आई. कोमल पिवळ्या साडीत पाटावर. नाना लगबगीनं आले. ‘‘ट्रॅक आणला ना ताई? मास्तरला द्या.’’

‘‘नाही केला,’’ मी म्हटलं. ‘‘फुई गाणार आहे. मी तिच्या मागे वाजवणार आहे.’’

नानांचा चेहरा उतरला. मास्तर मधे पडला. ‘‘मॅडम, आजींचा स्केल टिकत नाही. मी आधीच ऐकलंय त्यांना. कुणीच साथ देऊ शकत नाही.’’

‘‘तुमच्याकडे साथ मागितलीय कुणी?’’

‘‘आणि हे वाद्यसुद्धा नाही. माझ्याकडे पेन ड्राइव्हमध्ये तयार गाणं आहे, तेच लावतो.’’

‘‘लावून बघा,’’ मी म्हटलं आणि त्याच्या समोरची स्पीकरची वायर उचलून माझ्या टॅबला जोडली. तो बघतच राहिला. माझ्या वयाच्या बाईच्या हातातून वायर ओढून घ्यायची कशी, हा त्याला प्रश्न पडला असावा. वय झाल्याचा एवढा तरी उपयोग!

नाना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ‘‘ताई, समजून घ्या. ती रेखाचं नाव घेते. सुनंदाची माणसं समोर बसलीयत. शुभकार्यात पहिलीचं नाव काढलं तर त्यांना काय वाटेल?’’

‘‘नाना, सुनंदाच्या गळ्यात टाक कुणाचा आहे?’’

ते उपरणं सारखं करायला लागले.

‘‘सांगा ना. गळ्यात चांदी चालते, तोंडात नाव चालत नाही? आणि त्या पोरीला काय वाटेल, हे विचारलंत कधी?’’

आवाज माझा हळू राहिला नाही, तो राहतच नाही. पाटावरून कोमलनं ऐकलं. बायका हळदीची वाटी घेऊन तिच्याजवळ आल्या होत्या. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘आधी फुईचं गाणं. तोवर हळद लावू देणार नाही.’’

नवरीनं मांडवात असं बोलायचं म्हणजे! पण नाना मागे सरले, खांबाला टेकून उभे राहिले. फुई पुढे आली, पाटाशेजारी मांडी घालून बसली, पदर सारखा केला. मी तंबोरा सुरू केला, ढोलकाचा लूप हळू फिरता ठेवला.

‘‘कानबाई माय, तू मांडवमा ये,
पोरले हळद लागनी, तू पहिली ये.’’

कानबाई ही आमची खानदेशची देवी. तिच्यामागून एकेक देव येत गेला. बायका मागे म्हणत होत्या. फुई चढत होती आणि माझं बोट तिच्याबरोबर चढत होतं. आधी मास्तर हाताची घडी घालून उभा होता, मग पुढे वाकून माझ्या बोटाकडे बघायला लागला. देव संपले. फुईनं बापाला बोलावलं, आईला बोलावलं, विहिरीत पडून गेलेल्या लहान भावाला बोलावलं. नानांनी मान खाली घातली, कारण तो त्यांचाही भाऊ. पुढचं नाव कुणाचं, हे मांडवात सगळ्यांना कळलं होतं.

तेवढ्यात सुनंदाची आई मोठ्यानं म्हणाली, ‘‘बस करा वं माय आते! हळद वाळी जाई.’’

फुई थांबली. तिनं नानांकडे पाहिलं. बायकाही थांबल्या. सत्तरीच्या पुढची म्हातारी, तिला भर मांडवात असं तोडलं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरनं मला खूण केली, बंद करा. मी मानेनंच नाही म्हटलं. ट्रॅक असता तर पुढे निघून गेला असता. मी ढोलक अगदी बारीक केलं आणि तंबोरा, फुईनं जिथे सोडला होता तिथेच, त्याच सुरावर धरून ठेवला. लूप फिरत होता. कुणी गात नव्हतं, कुणी उठतही नव्हतं. कोमल माझ्याकडे बघत होती. मी ठरवलं, आता मांडव उठला तरी हा सूर मी सोडणार नाही.

सुनंदा कोमलच्या मागे उभी होती. हातात हळदीची वाटी. तिची आई तिच्या पदराला धरून तिला खाली बसवायला बघत होती. सुनंदानं वाटी खाली ठेवली. आईच्या मुठीतून पदर सोडवून घेतला. ती काही गाणारी नाही. आवाज कापत होता, पण सूर समोर होता, तो तिनं धरला.

‘‘रेखाबाई, तू मांडवमा ये,
तुन्ही पोरले हळद लागनी, तू पहिली ये.’’

मागे पहिल्यांदा फुईनं म्हटलं, मग सगळ्याजणींनी. कोमल हुंदके देऊन रडायला लागली. मीही रडत होते, लपवत नाही, पण बोट काचेवरून हललं नाही.

नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘‘चला, आते हळद लावा.’’

फुईनं हात वर केला. ‘‘थांब नाना. आजून मानसे बाकी शेतस,’’ ती म्हणाली, आणि पुढचं नाव घेतलं. मी तंबोरा केसभर वर सरकवला.